ओळखीची टाळी, कमावलेली टाळी

चित्रपटावरून रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकांना प्रेक्षक दाद कशाची देतो? परिचित गाण्याला, की समोर उभ्या असलेल्या कलावंताला? मुंबईपासून न्यूयॉर्क, मँचेस्टरपर्यंतच्या काही प्रयोगांचा आढावा.

विशेष प्रतिनिधी

नाटकाची तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि पडदा वर जातो. पुढे काय घडणार, हे ठाऊक नसणे हाच एरवी नाटकाला आलेल्या प्रेक्षकाचा आनंद असतो. चित्रपटावर आधारित संगीत नाटकाच्या प्रेक्षकाची गोष्ट मात्र निराळी असते. त्याला कथा ठाऊक असते, शेवट ठाऊक असतो, संवाद तोंडपाठ असतात आणि गाणी तर त्याने लहानपणापासून रेडिओवर ऐकलेली असतात. एका अर्थाने तो संपूर्ण चित्रपट मनात घेऊनच आपल्या खुर्चीवर येऊन बसतो.

असा प्रेक्षक टाळी वाजवतो तेव्हा ती नेमकी कोणाला असते? अशा प्रयोगांत टाळी दोन ठिकाणी पडते. पहिली गाण्याचे सुरुवातीचे सूर वाजताच येते. ती ओळखीची टाळी. दुसरी गाणे संपल्यावर येते. ती गायकाने त्या क्षणी कमावलेली असते. या दोन टाळ्यांमधल्या चार-पाच मिनिटांतच प्रयोगाचे भवितव्य ठरते. पहिली टाळी मोठी आणि दुसरी क्षीण पडली, तर प्रेक्षक चित्रपटाची आठवण घेऊन आला आणि तीच घेऊन परत गेला, असे समजावे.

आसिफ यांचे भव्य स्वप्न, पुन्हा मंचावर

आपल्याकडचे या प्रकारातील ठळक उदाहरण म्हणजे 'मुघल-ए-आझम'. फिरोझ अब्बास खान यांनी दिग्दर्शित केलेला हा संगीत नाट्याविष्कार २१ ऑक्टोबर २०१६ रोजी नरिमन पॉइंट येथील एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात प्रथम सादर झाला. निर्मिती शापूरजी पालनजी समूह व एनसीपीए यांची होती. मूळ चित्रपटाला अर्थसाहाय्य करणारे शापूरजी पालनजी मिस्त्री याच घराण्याचे. नाटकाच्या परवानगीसाठी दिग्दर्शक या समूहाकडे गेले आणि समूहाने परवानगीबरोबरच निर्मितीचीही जबाबदारी उचलली.

वेशभूषा मनीष मल्होत्रा यांची, नृत्यदिग्दर्शन मयूरी उपाध्य यांचे, तर नेपथ्य, प्रकाशयोजना व पडद्यावरील प्रक्षेपण यांसाठी नील पटेल, डेव्हिड लँडर व जॉन नारून यांच्यासारखे परदेशी रंगभूमीवर काम केलेले तंत्रज्ञ होते. कथ्थक नर्तिकांचा मोठा ताफा मंचावर होता. अनारकलीची भूमिका प्रियांका बर्वे व नेहा सरगम या दोन गायिका-अभिनेत्री आळीपाळीने करीत. अकबराच्या भूमिकेत निसार खान होते. उर्दूमिश्रित संवाद ज्यांना समजत नाहीत, त्यांच्यासाठी मंचाच्या बाजूच्या पडद्यांवर इंग्रजी भाषांतर दिसण्याची सोय होती.

प्रयोगांना गर्दी झाली. पुढे दिल्लीसह अन्य ठिकाणी प्रयोग झाले आणि २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील १३ शहरांचा दौरा झाला. वरच्या दर्जाची तिकिटे काही हजार रुपयांच्या घरात असूनही आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकेक कुटुंबच्या कुटुंब येत असे. वडीलधाऱ्यांनी चित्रपट चित्रगृहात पाहिलेला, मधल्या पिढीने दूरचित्रवाणीवर, तर धाकट्यांनी २००४ च्या रंगीत आवृत्तीत किंवा संगणकाच्या पडद्यावर. एकाच रांगेत बसलेल्या या तिघांच्या मनातला 'मुघल-ए-आझम' एक नव्हता, हे ध्यानात घ्यायला हवे.

तुलना जुनीच आहे

दिलीपकुमार, मधुबाला आणि पृथ्वीराज कपूर यांच्यानंतर या भूमिकांत दुसऱ्या कोणाला कसे पाहायचे, हा आक्षेप नाटकाची घोषणा होताच निघणे स्वाभाविक होते. मात्र खुद्द के. आसिफ यांच्या चित्रपटालाही तुलनेला सामोरे जावे लागले होते, हे आज विसरले जाते.

अनारकलीची कथा लोकप्रिय झाली ती मुळात नाटकामुळेच. लाहोरचे नाटककार इम्तियाझ अली ताज यांनी १९२२ मध्ये 'अनारकली' हे उर्दू नाटक लिहिले. त्यावरून मूकपटाच्या काळापासून चित्रपट निघत गेले. १९५३ मध्ये आलेल्या 'अनारकली'ने तर धुमाकूळ घातला. बीना राय यांची भूमिका आणि आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ चितळकर अण्णांचे संगीत घरोघरी पोहोचले होते. त्यामुळे ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम' झळकला, तेव्हा अनारकलीची गाणी म्हणून प्रेक्षकांच्या कानांत चितळकरांच्याच चाली असणार. नौशाद यांना त्या चालींच्या आठवणीवर मात करावी लागली. ती त्यांनी इतकी पूर्ण केली, की पुढच्या पिढ्यांना अनारकली म्हटले की मधुबालाच आठवते.

म्हणजे नाटकावरून चित्रपट आणि चित्रपटावरून पुन्हा नाटक असा या कथेचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर प्रेक्षकाने आधी कुरकुर केली आणि पुरेसे कारण मिळाल्यावर नवे रूप स्वीकारले. 'मूळ' म्हणून ज्याच्या पावित्र्याची आपण काळजी वाहतो, ते बहुतेक वेळा आपण प्रथम पाहिलेले रूप असते.

'खरेच गातात का?'

या नाटकाबद्दल प्रेक्षकांत हमखास निघणारा प्रश्न अभिनयाविषयी नसून गाण्याविषयी असतो. मंचावरच्या नायिका खरोखर गात आहेत, की ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवीत आहेत? गाणी प्रत्यक्ष मंचावरच गायली जात होती आणि त्याबाबत दिग्दर्शकाने तडजोड केली नव्हती. तरीही शंका यावी, याचे कारण आपल्या सवयीत आहे.

हिंदी चित्रपटाने अभिनेत्रीचा चेहरा आणि गायिकेचा आवाज वेगळे केले. पडद्यावर मधुबाला आणि आवाज लता मंगेशकरांचा, ही जोडी आपण इतकी स्वीकारली, की एकाच व्यक्तीने संवाद म्हणावेत, नाचावे आणि गावेही, यावर विश्वास बसत नाही. पार्श्वगायनाने वेगळे केलेले देह आणि आवाज रंगभूमी पुन्हा एकत्र आणते. म्हणूनच शीशमहालातल्या गाण्यात नर्तन आणि गायन एकाच वेळी चालू असताना एखाद्या ठिकाणी श्वास किंचित ऐकू येतो, तो दोष वाटत नाही. तिथे प्रेक्षकाची खात्री पटते आणि टाळी मनापासून पडते. चित्रपटात तो प्रसंग मोहन स्टुडिओत उभारलेल्या आरशांच्या भव्य दालनात, रंगीत फीत वापरून चित्रित झाला होता. नाटकाने त्या भव्यतेशी प्रक्षेपणाच्या साहाय्याने सामना केला खरा, परंतु चित्रपटाकडे नसलेली एक गोष्ट त्याच्यापाशी होती. ती म्हणजे चुकण्याची शक्यता. चुकू शकणारा माणूस चुकत नाही, याचे अप्रूप ध्वनिमुद्रणाला कधीच मिळत नाही.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे १८८० पासून, आपली संगीत रंगभूमी गायक-नटावरच उभी राहिली. बालगंधर्व व केशवराव भोसले यांच्या काळात आवडलेल्या पदाला 'वन्स मोअर' देणे हा प्रेक्षकाचा हक्क मानला जाई आणि नाटके रात्र सरेपर्यंत रंगत. प्रत्येक वन्स मोअरला नट तेच पद निराळ्या ताना घेऊन गात असे. प्रेक्षकाला पद पाठ असे, परंतु आज ते कसे गायले जाईल, हे त्याला ठाऊक नसे. ओळखीची आणि कमावलेली टाळी अशा रीतीने तिथे एकत्र येत. अनारकली साकारणाऱ्या प्रियांका बर्वे या ज्येष्ठ गायिका मालती पांडे-बर्वे यांची नात. मराठी गायनाच्या परंपरेतून आलेल्या कलावतीने ही भूमिका पेलावी, यात एक औचित्य आहे.

कोणत्या मार्गाने जावे?

चित्रपट मंचावर आणताना निर्मात्यांपुढे दोन मार्ग असतात. चित्रपट जसाच्या तसा दाखवण्याचा प्रयत्न करणे हा एक, तर चित्रपटाला न जमणारे काहीतरी करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गाचे गाजलेले उदाहरण म्हणजे 'द लायन किंग'. डिस्नेचा हा चलच्चित्रपट १९९४ चा. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या न्यू अॅमस्टरडॅम नाट्यगृहात संगीत नाटक म्हणून आला, तेव्हा दिग्दर्शिका ज्यूली टेमर यांनी प्राण्यांचे हुबेहूब सोंग वठवण्याचा नादच सोडला. मुखवटे आणि बाहुल्या यांच्याबरोबर त्या हलवणारा कलाकारही प्रेक्षकाला स्पष्ट दिसतो. पहिल्याच प्रवेशात प्राण्यांची मिरवणूक प्रेक्षकांमधल्या वाटांवरून मंचाकडे जाते. माना मागे वळतात, मुले खुर्चीवर उभी राहतात. प्रेक्षकाला सिंह दिसतो आणि माणूसही दिसतो. त्या दोहोंना जोडणे हे काम तो स्वतः करतो. या कामगिरीसाठी टेमर यांना १९९८ मध्ये संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचे टोनी पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. पाव शतक उलटून गेल्यावरही या नाटकाचे प्रयोग होत राहिले.

प्रेक्षकांच्या कौलाची दुसरी बाजू 'कॅरी' या नाटकाने दाखवली. स्टीफन किंग यांची कादंबरी आणि ब्रायन डी पाल्मा यांचा १९७६ चा चित्रपट यांवर बेतलेले हे संगीत नाटक १९८८ मध्ये प्रथम इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड येथे आणि नंतर न्यूयॉर्क येथे झाले. न्यूयॉर्कला १६ पूर्वप्रयोगांनंतर अधिकृत प्रयोग झाले अवघे पाच. प्रेक्षागृहात हुर्यो उडवणारे होते आणि त्याच प्रेक्षागृहात मुख्य भूमिका करणाऱ्या अभिनेत्री अभिवादनासाठी पुढे येताच उभे राहून टाळ्या वाजवणारेही होते. प्रयोगाला नापसंती आणि गायिकांना मानवंदना, असा हा दुहेरी निवाडा होता. समीक्षकांच्या कडक शेऱ्यांनंतर नाटक गुंडाळावे लागले व कित्येक लाख डॉलर बुडाले. मात्र ज्यांनी ते पाहिले, त्यांनी त्याची आठवण जपली आणि २०१२ मध्ये सुधारित रूपात ते पुन्हा मंचावर आले. पहिल्या आठवड्याची प्रतिक्रिया ही अखेरची नसते, एवढा धडा त्यातून घेता येईल.

राजचा झाला रॉग

आपल्या प्रेक्षकांशी जवळचा संबंध असलेले अलीकडचे उदाहरण 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चे. १९६० मध्ये 'मुघल-ए-आझम' जिथे झळकला, त्याच मराठा मंदिरात १९९५ पासून वर्षानुवर्षे चाललेला हा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक आदित्य चोप्रा यांनीच त्यावरून 'कम फॉल इन लव्ह' हे इंग्रजी संगीत नाटक बसवले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते अमेरिकेत सॅन दिएगोच्या ओल्ड ग्लोब नाट्यगृहात आणि २०२५ च्या मे-जून महिन्यांत इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ऑपेरा हाऊसमध्ये सादर झाले. लेखन व गीते नेल बेंजामिन यांची, तर संगीत विशाल-शेखर यांचे.

नाटकाच्या घोषणेपासूनच वाद उद्भवला तो नायकावरून. लंडनवासी भारतीय राजच्या जागी रॉग नावाचा गोरा अमेरिकन तरुण आला होता. पूर्व आणि पश्चिम यांच्या मीलनाची कथा सांगण्यासाठी हा बदल असल्याचे निर्मात्यांचे म्हणणे होते. परदेशस्थ भारतीय प्रेक्षकांतील अनेकांना तो खुपला. परदेशात वाढलेला भारतीय मुलगा नायक असू शकतो, ही गोष्ट त्यांना ज्या चित्रपटाने दिली, त्याच्याच नाट्यरूपातून तो मुलगा वगळला गेला, अशी त्यांची तक्रार होती. इथे पणाला लागली होती ती निव्वळ आठवण नव्हे. मंचावर आपल्यासारखा चेहरा दिसणे किंवा न दिसणे, हा प्रश्न त्यामागे होता. भारतात चित्रपट पाहिलेल्याला हा बदल गमतीचा वाटू शकतो. मँचेस्टर किंवा न्यू जर्सीत वाढलेल्याला तो तसा वाटेलच असे नाही.

दुसरा बदल गाण्यांचा. चित्रपटातील जतिन-ललित यांच्या लोकप्रिय गाण्यांऐवजी नाटकात नवी इंग्रजी गाणी होती. म्हणजे ओळखीच्या टाळीची सोय निर्मात्यांनी स्वतःहून सोडून दिली. हे धाडस होते. अशा वेळी प्रत्येक टाळी कमवावीच लागते. सरसोच्या शेताची आणि रेल्वे फलाटाची आठवण घेऊन आलेल्या प्रेक्षकाला मात्र पहिल्या काही मिनिटांत चुकल्याचुकल्यासारखे वाटणे अपरिहार्य असते. ही हुरहुर नव्या गाण्याने भरून निघते की नाही, यावर सगळे अवलंबून राहते.

आधी काय पाहिले?

प्रेक्षकाच्या मनातला क्रम हा नेहमी निर्मितीचा क्रम नसतो. मे २०२३ मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक'चे प्रयोग झाले, तेव्हा आपण गाजलेल्या चित्रपटाचे नाट्यरूप पाहत आहोत, अशीच अनेकांची समजूत असावी. वस्तुतः नाटक १९५९ चे आणि चित्रपट १९६५ चा. चित्रपटासाठी रिचर्ड रॉजर्स यांनी दोन गाणी नव्याने रचली होती. ती चित्रपटामुळे इतकी लोकप्रिय झाली, की पुढे नाटकाच्या प्रयोगांतही समाविष्ट होऊ लागली. प्रेक्षकांच्या अपेक्षेने मूळ नाटकच बदलले.

मराठीत हा प्रवास बहुधा उलट दिशेने होतो. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक १९६७ चे, तर सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट २०१५ चा. वसंतराव देशपांडे यांचा खाँसाहेब मंचावर अनुभवलेल्यांनी चित्रपटाला आपले माप लावले. चित्रपटातूनच 'कट्यार'ची ओळख झालेला तरुण आता नाटकाच्या प्रयोगाला जातो, तेव्हा चित्रपटातली गाणी शोधतो. कोणाला दोष द्यावा, असे यात काही नाही. ज्याला जे प्रथम भेटले, ते त्याच्यासाठी मूळ.

सोबत गावे की ऐकावे?

ओळखीच्या गाण्याचा मोह किती अनावर होऊ शकतो, हे एप्रिल २०२३ मध्ये मँचेस्टरच्या पॅलेस थिएटरमध्ये दिसले. १९९२ च्या चित्रपटावरून आलेल्या 'द बॉडीगार्ड' या संगीत नाटकाचा प्रयोग अखेरच्या गाण्यापर्यंत पोहोचला होता. काही प्रेक्षक नायिकेच्या आवाजावर आपला आवाज चढवून गाऊ लागले. विनंती करूनही ते थांबेनात. अखेर प्रयोग थांबवावा लागला, गोंधळ घालणाऱ्यांना बाहेर काढण्यात आले व पोलिसांना यावे लागले. शेवटची काही मिनिटे त्या रात्री कोणालाच पाहता आली नाहीत. त्यानंतर ब्रिटनमध्ये जोरदार चर्चा झाली. तिकिटाचे पैसे मोजले आहेत, आनंद व्यक्त करू द्या, असे एक मत. आम्ही पैसे शेजाऱ्याचे गाणे ऐकायला दिलेले नाहीत, असे दुसरे.

आपल्याकडील नाट्यगृहांत सोबत गाण्यापेक्षा भ्रमणध्वनीचा उपद्रव अधिक आहे. २०१९ मध्ये नाशिक येथे प्रेक्षागृहात वारंवार फोन वाजू लागल्याने सुमीत राघवन यांनी 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग थांबवला होता. गाणे असो वा फोन, मुद्दा एकच आहे. चित्रगृहात प्रेक्षकाने काहीही केले तरी पडद्यावरच्या नायिकेचा सूर हलत नाही. नाट्यगृहात तो हलतो. पडदा आपले ऐकत नाही, मंच ऐकतो. चित्रपटाच्या सवयी घेऊन नाटकाला येणाऱ्या प्रेक्षकाला हा फरक कोणीतरी सांगायला हवा.

त्यावर उपायही आहेत. लंडनच्या प्रिन्स चार्ल्स चित्रगृहात १९९९ पासून 'द साउंड ऑफ म्युझिक' चित्रपटाचे असे खेळ झाले, की ज्यांत गीतांचे शब्द पडद्यावर झळकतात आणि प्रेक्षकांनी गाणे हेच अपेक्षित असते. गाण्याची हौस फेडायला वेगळा खेळ आणि ऐकण्यासाठी वेगळा, अशी ही वाटणी. संगीत नाटकांचे निर्मातेही अभिवादनाच्या वेळी एखादे गाणे सर्वांनी मिळून गाण्याची संधी ठेवतात, तीही याच कारणासाठी.

जुन्या मराठी प्रेक्षकापाशी याचे उत्तर फार पूर्वीपासून होते. पद पाठ असूनही तो नटाबरोबर गात नसे. तो थांबे, ऐके आणि मग वन्स मोअर देई. चित्रपटावरून आलेल्या संगीत नाटकाला पुढच्या वेळी जाल, तेव्हा पहिल्या सुरांना टाळी अवश्य द्या. त्यानंतर मात्र मनातला चित्रपट थोडा वेळ बाजूला ठेवा आणि समोरच्या गायिकेला गाणे पूर्ण करू द्या. ते आवडले तर दुसरी टाळी आपोआप पडेल. नाही आवडले तर न वाजवण्याचाही हक्क प्रेक्षकाला आहेच.